वर येण्याची वाट आणि टिकायला लागणारा वेळ : रग्बी लीगमधला बढती-घसरणीचा पेच

ऑक्टोबर 2023 मध्ये लंडन ब्राँकोस या संघाने टुलूझला त्यांच्याच मैदानावर 18-14 असं हरवलं आणि इंग्लंडच्या रग्बी लीगमधली सर्वोच्च स्पर्धा असलेल्या सुपर लीगमध्ये प्रवेश मिळवला. त्याआधीच्या आठवड्यात त्यांनी वर्षभर अव्वल राहिलेल्या फेदरस्टोन रोव्हर्सला बाहेर काढलं होतं. कोणाच्या ध्यानीमनी नसलेला संघ वर आला होता. त्याच महिन्यात क्लबांची नवी गुणवारी जाहीर झाली. मैदानाबाहेरच्या गोष्टी धरून काढलेल्या त्या यादीत लंडनचा नंबर होता 24वा, आणि 2025 पासून सुपर लीगमध्ये पहिल्या 12 क्लबांनाच जागा मिळणार होती. म्हणजे 2024 चा पहिला सामना सुरू व्हायच्या आधीच लंडनच्या खेळाडूंना कळून चुकलं होतं, की आपण कसंही खेळलो तरी पुढच्या वर्षी इथे नसू. तरीही ते पूर्ण हंगाम खेळले. 27 पैकी तीन सामने जिंकले आणि खाली गेले.

व्यावसायिक रग्बी लीगमधला सगळ्यात जुना वाद या एका हंगामात सापडतो. वर कोणी यायचं आणि खाली कोणी जायचं, हे मैदानाने ठरवायचं की कार्यालयाने? आणि त्या निर्णयामुळे स्पर्धा खरोखर चुरशीची होते का?

आपल्याकडे रग्बी म्हटलं की बॉम्बे जिमखान्यावरचे सामने किंवा अलीकडची सेव्हन्सची लीग आठवते. ती रग्बी युनियनच्या घराण्यातली. रग्बी लीग हा वेगळा खेळ आहे. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांची बैठक झाली. त्यांचे खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत काम करणारे होते. शनिवारी सामना खेळायचा तर त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्यायला परवानगी द्या, एवढीच क्लबांची मागणी होती. लंडनच्या साहेबी रग्बी संघटनेने ती मानली नाही, म्हणून उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. पुढे नियमही बदलले. आज प्रत्येक बाजूला 13 खेळाडू असतात. चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत, म्हणजे सहा वेळा अडवून पाडलं जाईपर्यंत, चढाई करता येते, मग चेंडू समोरच्याला द्यावा लागतो. ट्रायला, म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला, 4 गुण, त्यानंतर दोन खांबांमधून मारलेल्या गोलला 2 आणि खेळ चालू असताना मारलेल्या ड्रॉप गोलला 1. हे गुण लक्षात ठेवा, कारण त्या एका गुणाने एका क्लबचं नशीब कसं फिरलं ते पुढे येणार आहे.

हा खेळ मजुरीच्या प्रश्नातून जन्मला, म्हणून त्यातला पैशाचा वाद मला कधी परका वाटत नाही. विगन, सेंट हेलन्स, कॅसलफर्ड, फेदरस्टोन, वेकफील्ड ही कोळशाची आणि गिरण्यांची गावं. खाणी बंद पडल्या, गिरण्या थंडावल्या, पण क्लब उरला. तो क्लब कोणत्या श्रेणीत खेळतो याला तिथे फार मोठा अर्थ आहे.

बढती-घसरण म्हणजे काय, ते क्रिकेटवरून चटकन कळेल. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच असतो. ही बंद स्पर्धा. रणजी करंडकात मात्र एलिट आणि प्लेट असे स्तर आहेत. प्लेटमध्ये चमकलेला वर जातो, एलिटमध्ये तळाला राहिलेला खाली येतो. ही उघडी स्पर्धा. ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची सर्वोच्च स्पर्धा, म्हणजे एनआरएल, आयपीएलसारखी बंद आहे. इंग्लंडमध्ये 1973 पासून दोन श्रेणी कायमच्या झाल्या आणि खालीवर जाण्याची रीत रुजली. नंतर ती बऱ्याचदा बंद झाली, पुन्हा उघडली, अर्धवट उघडली. गेल्या तीस वर्षांत इंग्लंडच्या रग्बी लीगने या दाराशी जेवढे प्रयोग केले, तेवढे क्वचितच कुठल्या खेळाने केले असतील.

एका सामन्याची किंमत

1 ऑक्टोबर 2016, हल शहर. हल किंगस्टन रोव्हर्स, म्हणजे हल केआर, विरुद्ध सॅल्फर्ड. जिंकणारा सुपर लीगमध्ये राहणार, हरणारा खाली जाणार. या सामन्याला अधिकृत नावच ‘मिलियन पाउंड गेम’ असं होतं. वरच्या श्रेणीतल्या क्लबाला दूरचित्रवाणीच्या करारातून मिळणारा वाटा आणि खालच्या श्रेणीतला वाटा यांतली तफावत त्या नावातच सांगितलेली होती.

सामना संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती, तेव्हा हल केआर 18-10 असं पुढे होतं. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. सॅल्फर्डच्या नायल इव्हाल्ड्सने ट्राय केला. गोल चुकला, 18-14. मग शेवटच्या काही सेकंदांत ग्रेग जॉन्सनने कोपऱ्यात दुसरा ट्राय केला. 18-18. हाही गोल चुकला, नाहीतर सामना तिथेच संपला असता. जादा वेळेत पहिला गुण मिळवणारा जिंकणार होता. गॅरेथ ओब्रायनने खूप लांबून ड्रॉप गोल मारला, चेंडू दोन खांबांच्या मधून गेला आणि 19-18 असा निकाल लागला. हल केआर खाली गेलं. त्याच हंगामात पगारमर्यादा मोडल्याबद्दल सॅल्फर्डचे सहा गुण कापले गेले होते, हे कळल्यावर हल केआरच्या चाहत्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

हा सामना आजही पाहिला तरी अंगावर काटा येतो. तळाच्या संघांच्या सामन्यात अंतिम सामन्याइतका थरार असू शकतो, याचा याहून चांगला पुरावा नाही. घसरणीच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा हाच. घसरणच नसेल, तर नवव्या-दहाव्या क्रमांकावरच्या क्लबांचे ऑगस्ट-सप्टेंबरमधले सामने निव्वळ उरकण्यापुरते उरतात.

पण अशा पराभवानंतर काय होतं, हे प्रेक्षकाला दिसत नाही. उत्पन्न एका रात्रीत घटतं, खेळाडूंचे करार तुटतात किंवा त्यांचे पगार उतरतात, कार्यालयातल्या लोकांच्या नोकऱ्या जातात, युवा संघाचा खर्च कापला जातो. विडनेसचं उदाहरण घ्या. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियन विजेत्यांना हरवून जगज्जेता ठरलेला हा क्लब 2018 मध्ये सुपर लीगमधून खाली गेला आणि काही महिन्यांतच, 2019 च्या सुरुवातीला, दिवाळखोरीच्या प्रशासनात गेला, म्हणजे कारभार प्रशासकाच्या हाती गेला. खेळात हरण्याची शिक्षा म्हणून क्लबच उठवायचा का?

वर येऊनही का टिकत नाहीत?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘दर्जा कमी’ एवढ्यावर संपवलं जातं. खरं कारण मात्र दिनदर्शिकेत आहे, आणि ते फार कमी लोक समजून घेतात.

ज्या खेळाडूचा करार हंगामाअखेर संपतो, त्याला 1 मे पासून इतर क्लबांशी बोलायची मुभा असते. चांगले खेळाडू मे-जून-जुलैमध्येच पुढच्या वर्षाचं ठरवून मोकळे होतात. खालच्या श्रेणीचा अंतिम सामना होतो ऑक्टोबरमध्ये. तो जिंकून वर येणारा क्लब खेळाडू शोधायला निघतो, तेव्हा त्याची गत दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी बाजारात गेलेल्या माणसासारखी होते. चांगला माल केव्हाच उचलला गेलेला असतो, आणि उरलेल्याचा भाव चढलेला असतो. पुढचा हंगाम फेब्रुवारीत सुरू. मधल्या चार महिन्यांत नोकरी सांभाळून खेळणाऱ्या, संध्याकाळी सराव करणाऱ्या खेळाडूंचा संघ पूर्णवेळ करायचा, प्रशिक्षकांचा ताफा वाढवायचा, प्रायोजक मिळवायचे, स्टेडियममध्ये डागडुजी करायची.

2020 मध्ये हे आणखी ठळक झालं. आदल्या वर्षी वर आलेला कॅनडाचा टोरोंटो वुल्फपॅक महामारीत आर्थिक डोलारा कोसळल्यामुळे जुलैमध्ये हंगामातून बाहेर पडला. खालच्या श्रेणीचा हंगाम तर रद्दच झाला होता. रिकाम्या जागेसाठी क्लबांचे अर्ज मागवले गेले आणि डिसेंबरमध्ये ली या क्लबाची निवड झाली. लीने 2021 मध्ये अवघे दोन सामने जिंकले आणि ते परत खाली आले. पुढच्या वर्षी टुलूझ आलं, गेलं. 2024 मध्ये लंडन आलं, गेलं. प्रत्येक वेळी ‘बघा, खालच्या श्रेणीतला संघ टिकत नाही’ असं म्हटलं गेलं. पण चार महिन्यांत संघ उभा करायला लावल्यावर कोणता क्लब टिकेल?

याला उलटा पुरावाही लीनेच दिला. 2021 मध्ये खाली आल्यावर मालक डेरेक ब्यूमाँट यांनी खर्च आखडण्याऐवजी वाढवला. 2022 मध्ये खालच्या श्रेणीत असतानाच सुपर लीगच्या तोडीचा संघ बांधला, एड्रियन लॅम यांना प्रशिक्षक नेमलं आणि वर आल्यावर त्यातले बरेच खेळाडू कायम ठेवले. 2023 मध्ये ली पाचवं आलं. चॅलेंज कप ही बाद पद्धतीची स्पर्धाही त्यांनी त्या वर्षी जिंकली. वेम्ब्लीवर हल केआरला 17-16 असं हरवताना निर्णायक ड्रॉप गोल मारला प्रशिक्षकांचा मुलगा लॅकलन लॅम याने. तयारीला पूर्ण वर्ष मिळालं, म्हणून हे जमलं. अर्थात एका धनिकाने खिसा मोकळा केला म्हणूनही जमलं, आणि प्रत्येक गावाला असा धनिक मिळत नाही.

दार उघडं, दार बंद

आता थोडं मागे जाऊ. एप्रिल 1995 मध्ये रुपर्ट मरडॉक यांच्या कंपनीने इंग्लंडच्या रग्बी लीगला पाच वर्षांसाठी 8 कोटी पाउंडांहून अधिक रक्कम देऊ केली. बदल्यात हिवाळ्यातला हंगाम उन्हाळ्यात न्यायचा आणि सुपर लीग सुरू करायची. सुरुवातीला शेजारच्या क्लबांचं विलीनीकरण करायचाही घाट होता. हलचे दोन कट्टर वैरी एकत्र, कॅसलफर्ड-फेदरस्टोन-वेकफील्ड एकत्र. लोक खवळले, मैदानांवर निदर्शनं झाली आणि विलीनीकरण बारगळलं.

एका क्लबावरचा अन्याय मात्र तसाच राहिला. कीली हे यॉर्कशरमधलं छोटं गिरणगाव. तिथल्या कूगर्स संघाने त्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकली होती. एरवी ते थेट वर गेले असते. नव्या स्पर्धेत पॅरिसला जागा मिळाली, लंडनला मिळाली, कीलीला मिळाली नाही. 1999 मध्ये हन्स्लेटने अंतिम सामना एका गुणाने जिंकला, त्यांनाही प्रवेश नाकारला गेला. 2000 मध्ये ड्यूसबरीची तीच गत. निकष पूर्ण होत नाहीत, असं सांगण्यात आलं. हे तिन्ही क्लब आजवर सुपर लीगमध्ये खेळलेले नाहीत. निकष नसावेतच असं मी म्हणत नाही. पण जिंकून झाल्यावर निकष दाखवणं मला कधीही पटलेलं नाही.

2009 ते 2014 हा परवान्यांचा काळ. तीन-तीन वर्षांसाठी 14 क्लबांना परवाने मिळाले, घसरण बंद झाली; ती परतली थेट 2014 च्या अखेरीस. घसरणीची भीती गेली की क्लब निवांतपणे युवा खेळाडू घडवतील, स्टेडियम बांधतील, अशी अपेक्षा होती. काहींनी ते केलंही. पण वेल्सच्या क्रुसेडर्सनी तीन हंगामांतच गाशा गुंडाळला. 2011 मध्ये वेकफील्ड आणि 2012 मध्ये ब्रॅडफर्ड प्रशासनात गेलं. परवाना हातात असूनही क्लब बुडू शकतो, हे तेव्हाच दिसलं होतं. खालच्या श्रेणीतल्या क्लबांना तर खेळण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग 2015 पासून नवा प्रयोग झाला. वरच्या श्रेणीतले तळाचे चार आणि खालच्या श्रेणीतले पहिले चार, असे आठ संघ हंगामाच्या शेवटी एकमेकांशी भिडणार. पहिले तीन थेट सुपर लीगमध्ये, चौथ्या-पाचव्यात मिलियन पाउंड गेम. थरार भरपूर मिळाला, पण स्थैर्य गेलं. लीड्स ऱ्हायनोजचा आलेख पाहा. 2015 मध्ये त्यांनी तिन्ही मोठे चषक जिंकले, 2016 मध्ये तळाच्या चारांत येऊन जागा टिकवण्यासाठी झगडले, 2017 मध्ये पुन्हा विजेते झाले, 2018 मध्ये पुन्हा तळाच्या चारांत. पुढच्या वर्षी कुठल्या श्रेणीत असू हे सप्टेंबरपर्यंत माहीत नसताना खेळाडूंशी तीन वर्षांचे करार करायचे कसे? क्लबांनी 2018 मध्ये मतदान करून हा प्रयोग थांबवला आणि एक वर, एक खाली ही साधी रीत परत आली.

त्या साध्या रीतीनेही कमी चटके दिले नाहीत. 2019 च्या शेवटच्या दिवशी चार क्लब धोक्यात होते. लंडनने त्या हंगामात दहा सामने जिंकले, 20 गुण कमावले, हल केआरचेही नेमके 20 च गुण होते. गुणफरकाने हल केआर वाचलं, लंडन गेलं.

सध्याची पद्धत आयएमजी या क्रीडा-व्यवस्थापन कंपनीच्या सल्ल्याने आली. 2022 मध्ये तिच्याशी 12 वर्षांची भागीदारी ठरली. प्रत्येक क्लबाला 20 पैकी गुण मिळतात. मैदानावरच्या कामगिरीला 5, तीही गेल्या तीन हंगामांची. चाहत्यांना, म्हणजे प्रेक्षकसंख्या, प्रक्षेपण आणि समाजमाध्यमांवरचा वावर यांना 5. अर्थकारणाला 4.5, स्टेडियमला 3 आणि क्लबाचा परिसर व तिथलं सामाजिक काम याला 2.5. 15 किंवा जास्त गुण मिळाले तर ‘ए’ श्रेणी आणि जागा पक्की. त्याखालचे ‘बी’ श्रेणीचे क्लब दरवर्षी उरलेल्या जागांसाठी गुणांवर तोलले जातात. म्हणजे खालची श्रेणी जिंकून आपोआप वर जाण्याची वाट आता नाही.

या पद्धतीचा फायदा वेकफील्डला झाला, हे मान्य केलं पाहिजे. 2023 मध्ये खाली गेलेल्या या क्लबाने पुढच्याच वर्षी खालची श्रेणी जिंकली, नवं स्टँड वापरात आणलं, गुणवारीत जागा मिळवली आणि 2025 मध्ये सुपर लीगमध्ये सहावं स्थान पटकावून प्ले-ऑफ गाठलं. त्यांना काय करायचंय हे आधीपासून ठाऊक होतं.

पण त्याच पद्धतीला सॅल्फर्ड दिसलं नाही. 2024 मध्ये हा क्लब चौथा आला होता, गुणवारीतही बसला होता. 2025 उजाडताना त्याची तिजोरी रिकामी होती. खेळाडूंवर किती खर्च करायचा यावर संघटनेने मर्यादा घातली, त्यामुळे पहिल्याच सामन्यात सेंट हेलन्ससमोर जवळजवळ पोरांचा संघ उतरवावा लागला. निकाल 82-0. वर्षभर पगार रखडत राहिले. अर्थकारणाला साडेचार गुण राखून ठेवलेल्या पद्धतीत हे व्हावं, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

चुरस म्हणजे नेमकं काय?

बढती-घसरणीचे समर्थक म्हणतात, त्याने चुरस वाढते. विरोधक म्हणतात, एकतर्फी सामने वाढतात. दोघेही खरं बोलतात, कारण दोघांची चुरस वेगळी आहे. एक चुरस एका सामन्यातली असते, 20-18 की 60-6. दुसरी हंगामातली, शेवटच्या फेरीपर्यंत किती संघांचं काहीतरी पणाला लागलेलं असतं. तिसरी वर्षानुवर्षांची, वेगवेगळे क्लब विजेते होतात की तेच ते. घसरणीमुळे दुसरी वाढते. घाईने वर आणलेल्या संघामुळे पहिली बिघडते. तिसरीशी घसरणीचा फारसा संबंधच नाही.

त्या तिसऱ्या चुरशीचे आकडे बोलके आहेत. सुपर लीगमध्ये 1998 पासून विजेता अंतिम सामन्याने ठरतो. तेव्हापासून 2024 पर्यंतची 27 विजेतेपदं फक्त चार क्लबांकडे गेली. सेंट हेलन्स 9, लीड्स 8, विगन 7, ब्रॅडफर्ड 3. मधल्या काळात दार कधी उघडं होतं, कधी बंद, कधी अर्धवट, तरी ही चौकट हलली नाही. त्याच काळात ऑस्ट्रेलियाच्या बंद स्पर्धेत 12 वेगवेगळे क्लब जिंकले. 2014 मध्ये साउथ सिडनीने 43 वर्षांनी, 2015 मध्ये नॉर्थ क्वीन्सलंडने पहिल्यांदा आणि 2016 मध्ये 1967 पासून वाट पाहणाऱ्या क्रोनलाने पहिल्यांदा.

दोन्हीकडे पगारमर्यादा आहे, म्हणजे संघाच्या पगारावर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करता येत नाही. मग फरक का? ऑस्ट्रेलियात प्रक्षेपणाचा पैसा इतका मोठा आहे, की प्रत्येक क्लबाला मध्यवर्ती संघटनेकडून मिळणारं अनुदानच पगारमर्यादेहून जास्त असतं. त्यामुळे सगळे क्लब मर्यादेपर्यंत खर्च करू शकतात. शिवाय मर्यादा मोडली तर शिक्षा जबर. 2010 मध्ये मेलबर्न स्टॉर्मची 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेतली गेली आणि उरलेला हंगाम त्यांना शून्य गुणांवर खेळायला लावलं. इंग्लंडमध्ये मर्यादा सुमारे 21 लाख पाउंडांची, पण तिथवर पोचण्याची ऐपतच काही क्लबांकडे नसते. वरच्याला छत आहे, खालच्याला जमीन नाही. त्यात स्काय या प्रक्षेपण कंपनीकडून येणारा पैसाही आटत गेला. एकेकाळी वर्षाला सुमारे 4 कोटी पाउंड यायचे, 2024 च्या करारात ते साधारण निम्म्यावर आले.

बंद स्पर्धेतही सगळं आलबेल नसतं. सिडनीचा वेस्ट्स टायगर्स 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षं तळाला राहिला आणि त्याचं स्थान तसूभरही हललं नाही. चार वर्षांत सलग चार विजेतेपदं, 2021 ते 2024, एकट्या पेनरिथनेही नेली. पण एकूण हिशेबात पैशाची वाटणी समान असेल तर चुरस येते आणि नसेल तर दार उघडं ठेवूनही येत नाही, हे मला स्पष्ट दिसतं.

वेळ मिळाल्यावर काय होतं

2006 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या पर्पिन्याँचा कॅटलन्स ड्रॅगन्स हा संघ सुपर लीगमध्ये घेतला गेला. त्याला तीन वर्षं घसरणीपासून अभय होतं. पहिल्या वर्षी तो शेवटचा आला. दुसऱ्या वर्षी वेम्ब्लीवर चॅलेंज कपचा अंतिम सामना खेळला. तिसऱ्या वर्षी गुणतक्त्यात तिसरा. 2018 मध्ये तो कप त्याने जिंकलाही. पहिल्या वर्षीच खाली ढकलला असता, तर यातलं काहीच घडलं नसतं. मात्र याची किंमत कोणीतरी मोजली. 2006 मध्ये तळाला कॅटलन्स असूनही खाली गेलं त्यांच्या वरचं कॅसलफर्ड. त्या गावाचा राग आजही मला योग्य वाटतो.

दुसरं उदाहरण हल केआरचं. 2016 च्या त्या पराभवानंतर टिम शीन्स यांच्या प्रशिक्षणाखाली एका वर्षात ते परतले. 2019 मध्ये गुणफरकाने वाचले. 2020 मध्ये शेवटच्या स्थानावर राहिले, पण महामारीमुळे आणि टोरोंटो बाहेर पडल्यामुळे त्या वर्षी घसरणच नव्हती. एरवी ते खाली गेले असते. त्यानंतर क्लब सावकाश उभा राहत गेला. 2023 मध्ये विली पीटर्स प्रशिक्षक झाले, त्याच वर्षी चॅलेंज कपचा अंतिम सामना, 2024 मध्ये सुपर लीगचा अंतिम सामना. दोन्ही हरले. 2025 मध्ये चॅलेंज कप वॉरिंग्टनविरुद्ध 8-6, मग गुणतक्त्यात पहिलं स्थान आणि शेवटी अंतिम सामन्यात विगनवर 24-6. तिन्ही चषक एका वर्षात, 40 वर्षांच्या दुष्काळानंतर. चार क्लबांची ती चौकट मोडली ती अशा क्लबाने, ज्याला 2020 मध्ये नशिबाने एक वर्ष जादा मिळालं होतं. आणि 2016 मध्ये त्यांना हरवून वाचलेलं सॅल्फर्ड 2026 च्या सुपर लीगमध्ये नाही.

म्हणून मला वाटतं, बढती असावी की नसावी यावर भांडण्यात बराच वेळ वाया गेला आहे. बढती मैदानावरच मिळाली पाहिजे. कीली, हन्स्लेट, ड्यूसबरी किंवा लंडनसारखं जिंकून हरणं कुठल्याही संघाच्या वाट्याला येऊ नये. आर्थिक आणि स्टेडियमचे निकष हंगाम सुरू होण्याआधी तपासावेत, आणि जो क्लब त्यात बसत नाही त्याला तेव्हाच तसं सांगावं. पण वर आलेल्या क्लबाला किमान दोन हंगाम घसरणीपासून अभय द्यावं, म्हणजे दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात तो इतरांच्या बरोबरीने खेळाडू निवडू शकेल. अभय दिलेला क्लब तळाला आला, तर त्या वर्षी कोणालाच खाली पाठवू नये, नाहीतर 2006 च्या कॅसलफर्डसारखा भुर्दंड तिसऱ्यालाच बसेल. आणि जो खाली जातो, त्याचा पैसा एकदम न तोडता दोन-तीन वर्षांत उतरवत न्यावा. इंग्लिश फुटबॉलमध्ये हे वर्षानुवर्षं चालू आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की एवढा पैसा नाही. तो खरा आहे. अभय देणाऱ्या स्पर्धेत जागा जास्त लागतात, आणि जागा वाढल्या की प्रत्येकाचा वाटा कमी होतो. 2026 पासून सुपर लीगने नेमकी ती जोखीम घेतली आहे. क्लब 12 वरून 14 झाले. सॅल्फर्ड गेलं, टुलूझ परतलं, यॉर्क पहिल्यांदाच आलं आणि ब्रॅडफर्डही आलं, तेच ब्रॅडफर्ड जे 2014 मध्ये खाली गेलं, 2017 च्या जानेवारीत बुडीत निघालं, नव्याने उभं राहून त्या हंगामाची सुरुवात उणे 12 गुणांनी करत तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरलं होतं. या तीन क्लबांचा निर्णयही ऑक्टोबर 2025 मध्येच झाला, म्हणजे खेळाडू शोधायला त्यांनाही तेच चार महिने मिळाले. पहिल्या हंगामात त्यांचे काही सामने एकतर्फी होतील. त्यांचा हिशेब तिसऱ्या हंगामानंतर करावा, कॅटलन्सचा केला तसा.